काचेच्या पेटीतल्या समुद्राला मीठ किती?

पिशोरहून कोणत्याही दिशेला निघा, अडीचशे किलोमीटरच्या आत समुद्र लागत नाही. कन्नड तालुक्यातल्या या गावात पाण्याचा विषय निघाला की तो अंजना नदी, विहिरी, बोअर आणि अद्रकाच्या शेतातले ठिबक एवढ्यातच फिरतो. तरी समुद्राचा खारेपणा ज्या तीन युक्त्यांनी मोजतात, त्या तिन्ही अशा गावांच्या ओळखीच्या आहेत. दूध संकलन केंद्रावर लॅक्टोमीटर असतो. ठिबकमधून विद्राव्य खते सोडणाऱ्या शेतकऱ्याकडे ईसी मीटर असतो. द्राक्षाची किंवा उसाच्या रसाची गोडी बघायला डोळ्याला लावायचा रिफ्रॅक्टोमीटर असतो. एक पाण्याची घनता बघतो, दुसरा त्यातून वाहणारी वीज आणि तिसरा प्रकाशाचे वळणे. घरात खाऱ्या पाण्याचा फिश टँक ठेवणारा माणूस नेमकी हीच उपकरणे वापरतो. फक्त त्यांवरचे आकडे वेगळे असतात, आणि चुकीची किंमत पेटीतले जीव मोजतात.

गोड्या पाण्याचा फिश टँक आता खेड्यापाड्यांतही दिसतो. गप्पी, गोल्डफिश, एंजल यांना नळाचे पाणी एक दिवस शिळे करून घातले तरी चालते. खाऱ्या पाण्याचे प्रकरण वेगळे आहे. ज्याला रीफ टँक म्हणतात त्यात मासे दुय्यम असतात. खरी वस्ती असते ती समुद्रफुले, कोळंब्या, गोगलगायी, तारामासे आणि प्रवाळ यांची. मुंबईत मरीन ड्राइव्हला १९५१ साली उभे राहिलेले तारापोरवाला मत्स्यालय समुद्राला लागूनच आहे. मराठवाड्यातल्या घरात मात्र समुद्र बादलीत तयार करावा लागतो. आरओचे पाणी, त्यात बाजारात मिळणारे समुद्री मिठाचे मिश्रण, आणि मग तो प्रश्न: झाले का पुरेसे खारट?

चव घेऊन हे कळत नाही. जिभेला ३० आणि ३५ यांतला फरक सांगता येत नाही, तारामाशाला येतो.

समुद्राचा खारेपणा सांगताना एक किलो पाण्यात किती ग्रॅम क्षार विरघळले आहेत ते सांगतात. जगातल्या समुद्रांची सरासरी ३५ च्या आसपास आहे. म्हणजे किलोभर समुद्राच्या पाण्यात ३५ ग्रॅम क्षार. अरबी समुद्राचा मध्य आणि उत्तर भाग ३६ च्याही वर जातो, कारण तिथे बाष्पीभवन जास्त आणि मिळणाऱ्या नद्या कमी. बंगालच्या उपसागराला गंगा, ब्रह्मपुत्रा, महानदी, गोदावरी सगळ्या येऊन मिळतात, त्यामुळे त्याच्या उत्तर भागात पृष्ठभागाचे पाणी ३२ च्याही खाली उतरते. तांबडा समुद्र ४० च्या घरात. रीफ टँकसाठी ३५ हा आकडा धरतात, कारण बहुतेक प्रवाळभित्ती त्याच्याच आसपास वाढतात.

हे ३५ ग्रॅम म्हणजे नुसते स्वयंपाकाचे मीठ नव्हे. त्यात क्लोराइड १९ ग्रॅमच्या थोडे वर, सोडियम पावणेअकरा, सल्फेट २.७, मॅग्नेशियम १.३, आणि कॅल्शियम व पोटॅशियम प्रत्येकी ०.४ ग्रॅमच्या जवळपास. प्रवाळाचा सांगाडा त्यातल्या कॅल्शियमवर उभा राहतो. किराणा दुकानातले मीठ घालून पाणी ३५ पर्यंत नेले तर मीटर समाधानी होईल, प्रवाळ नाही.

या घटकांचे आपसातले प्रमाण मात्र जगभर जवळजवळ सारखे असते, आणि खारेपणा मोजण्याचे सगळे शास्त्र या एका गोष्टीवर उभे आहे. १८७२ ते १८७६ या काळात ‘चॅलेंजर’ या ब्रिटिश जहाजाने जगभरच्या समुद्रांतून पाण्याचे नमुने आणले. विल्यम डिटमार या रसायनशास्त्रज्ञाने त्यांतल्या ७७ नमुन्यांचे बारकाईने पृथक्करण करून १८८४ मध्ये निष्कर्ष मांडले. पाणी कमी खारट असो की जास्त, त्यातल्या मुख्य घटकांचे एकमेकांशी प्रमाण बदलत नाही. एक घटक अचूक मोजला की बाकीचे हिशेबाने काढता येतात, हा त्याचा अर्थ. पुढे मार्टिन क्नुडसेन या डॅनिश शास्त्रज्ञाने क्लोराइड मोजून खारेपणा काढण्याची कोष्टके विसाव्या शतकाच्या सुरुवातीला तयार केली आणि जगभरच्या प्रयोगशाळा सिल्व्हर नायट्रेटचे थेंब मोजू लागल्या. १९७८ पासून ती जागा विद्युतवाहकतेने घेतली. आज समुद्रशास्त्रज्ञ पाण्यात सोडतात त्या उपकरणाला खारेपणातला हजारावा भागसुद्धा जाणवतो. घरच्या टँकला इतकी सूक्ष्मता नको. अर्धा-एक एकक इकडेतिकडे चालते. पण बाजारातली स्वस्त साधने दोन-तीन एककांनी सहज चुकतात, आणि चुकत असल्याचे सांगत नाहीत.

दोन-तीन एकक म्हणजे काही फार नाही असे वाटेल. ते कोणासाठी, यावर अवलंबून आहे.

माणसाच्या रक्तातला द्रव सलाइनच्या बाटलीएवढा खारट असतो. सलाइनमध्ये लिटरला ९ ग्रॅम मीठ असते. समुद्री माशांच्या अंगातला द्रवसुद्धा समुद्राच्या साधारण एक तृतीयांश खारट असतो. भोवतालचे पाणी तिप्पट खारट, म्हणून त्यांच्या शरीरातले पाणी सतत बाहेर ओढले जाते. मासा समुद्राचे पाणी पितो, जादा मीठ कल्ल्यांतल्या खास पेशींतून बाहेर टाकतो आणि लघवी अगदी थोडी करतो. समुद्रात अडकलेल्या माणसाला हे जमत नाही. आपले मूत्रपिंड समुद्राइतकी खारट लघवी बनवू शकत नाही, म्हणून समुद्राचे पाणी प्यायल्यावर ते मीठ बाहेर काढायला शरीरातलेच पाणी खर्ची पडते आणि तहानेने माणूस दगावतो. माशाकडे यंत्रणा आहे, त्यामुळे खारेपणा थोडा हलला तर तो सांभाळून घेतो.

प्रवाळ, तारामासे, सी अर्चिन यांच्याकडे तशी यंत्रणा जवळजवळ नाही. बाहेर जेवढे खारट तेवढेच आत. बाहेरचे पाणी अचानक फिके झाले की पाणी पेशींत शिरते आणि त्या फुगतात. अचानक खारट झाले की आकसतात. हळूहळू झालेला बदल ते बऱ्यापैकी पचवतात, झटका पचवत नाहीत. दुकानातून आणलेला तारामासा दुसऱ्या दिवशी गळून पडतो तेव्हा दोष बहुधा ‘कमजोर माल होता’ असा दिला जातो. दुकानातले पाणी ३० आणि घरातले ३५ असताना पिशवी उघडून त्याला सरळ टँकमध्ये सोडले होते, याची नोंद कोणी ठेवत नाही. दुकानदार खारेपणा कमी ठेवतो यात लबाडी असतेच असे नाही. कमी मीठ म्हणजे कमी खर्च, आणि मासे तेवढ्यावर तगतात.

आता उपकरणांकडे. सुरुवात लॅक्टोमीटरपासून केलेली बरी, कारण तो सगळ्यांनी पाहिलेला असतो. तळाशी वजन असलेली काचेची नळी दुधात सोडायची. दूध दाट असेल तर नळी वर तरंगते, पाणी घातलेले असेल तर खाली बुडते. दांडीवरचा २८ म्हणजे विशिष्ट गुरुत्व १.०२८, म्हणजे शुद्ध पाण्याच्या १.०२८ पट जड. ३५ खारेपणाच्या समुद्राच्या पाण्याचे विशिष्ट गुरुत्व २५ अंश सेल्सियसला १.०२६४ असते. लॅक्टोमीटर समुद्राच्या पाण्यात सोडला तर तो कोणत्या तापमानासाठी बेतलेला आहे त्यानुसार २४ ते २६ च्या आसपास थांबेल. डेअरीवाल्याला समुद्राचे पाणी दाखवले तर तो ‘थोडे पाणी घातलेले दिसते’ म्हणेल, एवढेच.

टँकवाल्यांचा काचेचा हायड्रोमीटर याच जातीचा असतो, आणि अनेकांचा समज काही असो, ते वाईट उपकरण नाही. लांब दांडीचा, स्वच्छ, तापमान छापलेला हायड्रोमीटर स्वस्त मीटरपेक्षा भरवशाचा ठरतो. त्यात बिघडण्यासारखे काही नसते. चूक होते ती तापमानात. नळी २५ अंशांसाठी बेतलेली असेल आणि पाणी ३० अंशांचे असेल, तर गरम पाणी प्रसरण पावून हलके झालेले असते. नळी १.०२६४ ऐवजी १.०२४८ च्या आसपास दाखवते. खारेपणात हा फरक दोन एककांचा आहे. मालक म्हणतो मीठ कमी पडले आणि आणखी घालतो. पाण्यात मीठ बरोबर होते. मे महिना होता. नळीवर बारीक अक्षरात लिहिलेले तापमान वाचणे आणि नमुना त्या तापमानाला आणून मग आकडा बघणे, एवढ्याने ही चूक टळते. पाणी काचेला चिकटून थोडे वर चढते. आकडा त्या चढलेल्या कडेशी वाचायचा नाही. डोळा पाण्याच्या पातळीला आणून सपाट पृष्ठभागाशी वाचायचा.

प्लास्टिकच्या डबीत हलणारा काटा असतो तो दुसरा प्रकार. स्वस्त, दिसायला सोपा, आणि सर्वांत जास्त फसवणारा. काट्याला एक बुडबुडा चिकटला की तो वर उचलला जातो आणि पाणी खारट दिसते. वापरानंतर धुतला नाही तर त्यावर क्षार साचून वजन वाढते आणि मग तो उलट दिशेने चुकतो. अशा डबीवर माशांपुरता टँक चालेल. प्रवाळासाठी ती वापरू नये.

रिफ्रॅक्टोमीटर हे टँकवाल्यांचे आवडते उपकरण. काचेवर दोन थेंब, वर झाकण, उजेडाकडे धरून डोळा लावायचा; निळ्या आणि पांढऱ्या पट्ट्याची सीमा जिथे दिसते तो आकडा. पाण्यात जितके जास्त विरघळलेले तितका प्रकाश जास्त वाकतो. शुद्ध पाण्याचा अपवर्तनांक १.३३३०, समुद्राच्या पाण्याचा १.३३९४. सगळा खेळ या तिसऱ्या-चौथ्या दशांशातला आहे. ब्रिक्स मोजणारा आणि मीठ मोजणारा रिफ्रॅक्टोमीटर आतून सारखेच असतात, फरक फक्त पट्टीवरच्या आकड्यांत. म्हणून द्राक्षबागेतला तसाच उचलून टँकला वापरता येत नाही.

या उपकरणातली मेख फार कमी जणांना ठाऊक असते. बाजारात ‘सॅलिनिटी’ म्हणून विकले जाणारे बरेचसे रिफ्रॅक्टोमीटर समुद्रासाठी नव्हे तर मिठाच्या साध्या पाण्यासाठी बनवलेले असतात. लोणच्याच्या, मासळी खारवण्याच्या उद्योगात ते लागतात. समुद्रातले मॅग्नेशियम, सल्फेट वगैरे प्रकाशाला साध्या मिठापेक्षा थोडे वेगळे वाकवतात. परिणामी असा रिफ्रॅक्टोमीटर खऱ्या ३५ च्या पाण्याला साडेछत्तीस म्हणतो. मालक प्रामाणिकपणे पाणी ओतून काट्यावर ३५ आणतो आणि टँक प्रत्यक्षात साडेतेहतीसच्या आसपास येऊन बसतो. आरओच्या पाण्यावर स्क्रू फिरवून शून्य केले की उपकरण बरोबर झाले, हा समज इथे तोकडा पडतो. शून्यावर बरोबर असलेला तराजू एक किलोवर बरोबर असतोच असे नाही, हे भाजीबाजारात सगळ्यांना कळते. टँकजवळ आल्यावर का विसरले जाते कोण जाणे.

उपाय घरात आहे. ज्या आकड्याजवळ मोजायचे त्या आकड्यावरच उपकरण जुळवायचे. ३६.५ ग्रॅम कोरडे मीठ ९६३.५ ग्रॅम आरओच्या पाण्यात पूर्ण विरघळवले की तयार होणारे पाणी ३५ खारेपणाच्या समुद्राइतकाच प्रकाश वाकवते. त्याचे दोन थेंब टाकून, पट्टी ३५ दाखवेल असा स्क्रू फिरवला की शून्याशी काय होते त्याची फिकीर करायची गरज नाही. टँक शून्यावर चालवायचा नाही. मीठ आधी तव्यावर कोरडे करून घ्यावे, कारण दमट मिठात पाण्याचेही वजन येते. स्वयंपाकघरातला काटा ग्रॅमभर चुकतो आणि इथे एक ग्रॅम म्हणजे जवळजवळ एक एकक. सोनाराकडे असतो तसा छोटा काटा ऑनलाइन काही शे रुपयांत मिळतो; नाहीतर ओळखीच्या सोनाराकडून मीठ तोलून आणावे. त्याने विचित्र नजरेने पाहिले तरी चालेल. पाणी मापाने नव्हे, वजनाने घ्यायचे. हे द्रावण रिफ्रॅक्टोमीटरसाठी आहे. विजेच्या मीटरला किंवा हायड्रोमीटरला प्रमाण म्हणून ते वापरू नये, त्यांची गणिते वेगळी आहेत.

रिफ्रॅक्टोमीटरवर ‘एटीसी’ अशी अक्षरे असतात. तापमानाची दुरुस्ती तो आपोआप करतो असा त्यांचा अर्थ. ही दुरुस्ती सहसा १० ते ३० अंशांपर्यंतच धरलेली असते. कन्नड-सिल्लोडच्या पट्ट्यात मे महिन्याच्या दुपारी पत्र्याच्या घरात ४० अंशांवर गेलेला रिफ्रॅक्टोमीटर त्या हद्दीबाहेर असतो. सकाळी लवकर मोजावे, थेंब टाकून अर्धा मिनिट थांबावे, आणि झाल्यावर काच गोड्या पाण्याने पुसावी. वाळलेले मीठ राहिले तर पुढच्या वेळी तेच मोजले जाते.

तिसरा मार्ग विजेचा. क्षार पाण्यात विद्युतभारित कणांच्या रूपात असतात, म्हणून खारट पाण्यातून वीज जास्त वाहते. ठिबकवाल्या शेतकऱ्याला ईसीचा आकडा पाठ असतो. सिंचनाचे पाणी ०.७५ च्या आत असले तर बरे, २.२५ च्या पुढे गेले तर धोक्याचे, असा जुना दंडक आहे. त्याच एककात समुद्राचे पाणी २५ अंशांना ५३ असते. शेतातला मीटर इतके वर मोजायला बनवलेला नसतो. तो १.४१३ किंवा १२.८८ च्या द्रावणावर जुळवतात, आणि तिथे बरोबर असलेला मीटर ५३ जवळ बरोबर असेलच याची खात्री नाही. टँकसाठी मीटर घ्यायचा तर तो समुद्राच्या पल्ल्याचा हवा आणि ५३ च्याच द्रावणावर जुळवलेला हवा. तापमान इथेही डोके वर काढते. दर अंशाला वाहकता सुमारे दोन टक्के वाढते. ३५ चे तेच पाणी ३० अंशांना ५८ च्या वर वाहकता दाखवते. मीटरने तापमानाची दुरुस्ती केली नाही तर खारेपणा जवळपास ३९ आहे असे वाटेल. टोकावर चिकटलेला बुडबुडा आणि जमलेला पांढरा थर यांचाही परिणाम होतो, म्हणून मोजताना मीटर पाण्यात दोनदा हलवावा.

मग आरओ बसवणारा खिशातून काढतो त्या टीडीएस पेनचे काय? तोसुद्धा वीजच मोजतो आणि आलेल्या आकड्याला एका ठरलेल्या गुणकाने गुणून ‘पीपीएम’ दाखवतो. काही पेन ०.५ ने गुणतात, काही ०.७ ने. त्यामुळे एकाच ग्लासातल्या पाण्याला एक पेन ५०० म्हणतो आणि दुसरा ७००, आणि दोघेही आपापल्या परीने बरोबर असतात. पेनाने पाण्यात कोणते क्षार आहेत हे कळत नाही, जंतू तर मुळीच कळत नाहीत. भारतीय मानकानुसार पिण्याच्या पाण्यात टीडीएस ५०० पर्यंत असावा आणि दुसरा स्रोत नसेल तर २००० पर्यंत चालतो. हा आकडा विक्रेत्यांच्या बोलण्यात क्वचितच येतो. समुद्राच्या पाण्यात हा पेन बुडवला तर तो हात टेकतो, कारण त्याची धाव बहुधा दहा हजारांच्या आत संपते आणि समुद्र ३५ हजारांवर असतो. टँकवाल्याला पेनचा खरा उपयोग दुसरीकडे आहे: आरओतून आलेले पाणी किती कोरे आहे ते बघायला.

आणि ते बघणे फार गरजेचे आहे, कारण टँकमध्ये रोज पाणी घालावे लागते. मराठवाड्यात तर जास्तच.

उन्हाळ्यात कूलरच्या ताट्यांवर पांढरी पूड जमते ती सगळ्यांनी पाहिली आहे. पाणी उडून जाते, क्षार मागे राहतात, त्यात पुन्हा पाणी, पुन्हा क्षार. रीफ टँक म्हणजे काचेचा कूलरच. समजा टँक २०० लिटरचा आहे आणि कोरड्या हवेत रोज ४ लिटर पाणी उडते. तीन दिवस कोणी बघितले नाही तर १२ लिटर कमी होतात आणि ३५ चा खारेपणा ३७ च्या वर जातो. प्रवाळाला पाणी २५-२६ अंशांचे लागते, ३० च्या वर तो तणावाखाली येतो. चिलर महाग असतो, म्हणून बरेच जण पाण्यावर पंखा लावतात. पंख्याने पाणी थंड होते ते बाष्पीभवनानेच, माठासारखे. म्हणजे जितके थंड कराल तितके खारट कराल. लग्नाला चार दिवस गावी जाणाऱ्या माणसाने पंखा चालू ठेवला आणि पाणी घालायला कोणाला सांगितले नाही, तर परत येईपर्यंत तापमान छान असते आणि कोळंब्या उलट्या पडलेल्या असतात.

बुलढाणा जिल्ह्यातले लोणार सरोवर निसर्गानेच मांडलेला असा टँक आहे. पाणी येते, बाहेर वाट नाही, फक्त उडून जाते. २०२० च्या जूनमध्ये ते गुलाबी झाले तेव्हा पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने कारण शोधले. पाण्याची पातळी घटून खारेपणा वाढला होता आणि अतिखारट पाण्यात फोफावणाऱ्या सूक्ष्मजीवांनी रंग धरला होता. लोणारच्या जीवांना ते मानवले. घरच्या टँकमध्ये असे रंगीत काही होत नाही.

उडालेल्या पाण्याची भरपाई गोड्या पाण्याने करायची. नवशिके इथे हमखास चुकतात. टँक खाऱ्या पाण्याचा, म्हणून भरही खाऱ्या पाण्याची घालतात, आणि खारेपणा आठवड्यागणिक चढत जातो. गोडे म्हणजे बोअरचे नव्हे. दख्खनच्या काळ्या पाषाणातून येणारे पाणी कॅल्शियम-मॅग्नेशियमने जड असते. बोअरच्या पाण्याचा टीडीएस ८०० असेल आणि रोज ४ लिटर घातले, तर दिवसाला ३ ग्रॅमच्या वर आणि महिन्याला सुमारे ९५ ग्रॅम क्षार टँकमध्ये जातात. २०० लिटरच्या टँकमध्ये एकूण क्षार ७ किलोच्या आसपास असतात, त्यामुळे महिनाभर काही कळत नाही. सहा महिन्यांत खारेपणा तीन एककांनी चढू शकतो. त्याहून वाईट म्हणजे डिटमारने शोधलेले ते प्रमाण बिघडते. मग पाणी बदलून आकडा ३५ वर आणला तरी ते समुद्राचे पाणी राहत नाही. शेतात युरिया पडणाऱ्या भागात विहिरीच्या पाण्यात नायट्रेटही असू शकते. पिण्याच्या पाण्यासाठी त्याची मर्यादा लिटरला ४५ मिलिग्रॅम आहे. प्रवाळाला त्याच्या अंशानेही शेवाळाचा त्रास सुरू होतो.

पाणी आपोआप भरणारे तरंगते बटण मिळते. सोयीचे आहे, पण अडकले तर टाकीभर गोडे पाणी टँकमध्ये जाते. २०० लिटरमधले २० लिटर असे बदलले गेले तर ३५ चे साडेएकतीस-बत्तीस होते, तेही रात्रीतून. वीज जाते-येते अशा गावात काचेवर चिकटपट्टीची खूण करून रोज सकाळी हाताने तेवढे भरणे जास्त सुरक्षित. खारेपणाही पाणी त्या खुणेवर असतानाच मोजावा, नाहीतर आजचा आणि कालचा आकडा ताडून पाहता येत नाही. चुकलेला खारेपणा दुरुस्त करताना घाई नको. दिवसाला एक एककापेक्षा जास्त हलवू नये. नवे मीठ मिसळताना पाकिटावरच्या मापावर विसंबू नये, कारण मिश्रणात आधीच मुरलेला ओलावा असतो आणि पाकीट उघडल्यावर पावसाळी हवेत तो वाढतो. लिटरला ३५ ग्रॅम घालून ३५ येत नाही. ३६ ते ४० पर्यंत लागतात. रात्रभर पंपाने ढवळून, टँकच्या तापमानाला आणून, मग मोजावे.

अचूक मोजमाप औषधासारखे वापरावे लागते अशीही एक वेळ येते. समुद्री माशांच्या अंगावर मिठाच्या कणांसारखे पांढरे ठिपके आणणारा एक परजीवी आहे. वेगळ्या टाकीत नुसत्या माशांना ठेवून खारेपणा हळूहळू १४ ते १६ पर्यंत उतरवला आणि काही आठवडे तिथेच टिकवला तर परजीवी मरतो, मासा तगतो, कारण तो आकडा माशाच्या रक्ताच्या जवळ जातो. १८-२० वर थांबलात तर परजीवी जगतो. दहाच्या खाली गेलात तर मासाच धोक्यात. इथे डबीतला काटा कामाचा नाही, आणि ही टाकी प्रवाळाजवळही नेऊ नये.

एक गोष्ट खरेदीआधी बघायची. दगडी प्रवाळ, काळे प्रवाळ, अग्निप्रवाळ, समुद्रपंखे आणि समुद्रघोडे यांना भारतात वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या परिशिष्टाचे, म्हणजे वाघाइतके संरक्षण आहे. मालवणला किंवा मुंबईत हाजी अलीच्या खडकांवर ओहोटीला दिसणारा तुकडा उचलून आणणे गुन्हा आहे, मग तो मेलेला का असेना. मुंबईच्या किनारी रस्त्याच्या कामात आड आलेल्या प्रवाळांच्या मोजक्या वसाहतीही परवानगी घेऊन, शास्त्रज्ञांच्या देखरेखीखाली दुसऱ्या जागी हलवाव्या लागल्या होत्या. परदेशातून आलेल्या प्रवाळांनाही नोंदणी आणि कागदपत्रे लागतात. दुकानदार ‘सगळे चालते’ म्हणाला तर पावती आणि आयातीचे कागद मागावेत. ते नसतील तर समुद्रफुलासारखे दिसणारे काही घेण्यापेक्षा टँकमध्ये पैदास झालेले क्लाउनफिश आणि कोरडा खडक यांवर थांबणे शहाणपणाचे.

घरी केलेले ३६.५ ग्रॅमचे द्रावण एकदा करून वर्षभर वापरायचे नाही. प्लास्टिकच्या बाटलीचे झाकण सैल असेल तर त्यातूनही पाणी उडते आणि प्रमाण म्हणून ठेवलेले द्रावणच हळूहळू खारट होते. घट्ट झाकणाच्या काचेच्या बाटलीत, सावलीत, तारीख लिहून ठेवावे आणि दोन-तीन महिन्यांनी ओतून नवे करावे. किलोभर मिठाची पिशवी पंचवीस-तीस रुपयांना मिळते आणि तिच्यात अशा सत्तावीस बाटल्या होतात.